जाईलमालक आणि पणबाई

माझ्या नाटकाला मावशी पहिल्यांदा आली, तेव्हा मी एका बढाईखोर, विसरभोळ्या साहेबाच्या सेक्रेटरीचं काम करत होते. साहेबानं घोळ घालायचा, मी कपाळाला हात लावायचा आणि प्रेक्षकांकडे बघून एक लांबलचक उसासा टाकायचा. तिथं हशा ठरलेला. प्रयोग संपल्यावर मावशी मेकअपच्या खोलीत आली. आधी तिनं खोलीचं दार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, मग मला.

"छान केलंस हो. पण एक सांग, ही बाई सारखी उसासे काय टाकते?"

"अगं, वैतागलेली आहे ती. साहेब काही कामाचा नाही ना तिचा."

"ते कळलं मला. पण वैतागायला हिला वेळ कुठून मिळतो? साहेब तिकडे घोळ घालतोय आणि ही आमच्याकडे तोंड करून उभी! तेवढ्यात कपाट आलं असतं की कुणाच्या तरी पायावर."

नाटकात कपाट नव्हतंच. मावशीच्या डोळ्यांपुढे मात्र कायम एक कपाट असायचं, आणि ते कायम कुणाच्या तरी पायावर पडायच्या बेतात असायचं.

मावशी घरसामान हलवणाऱ्या एका छोट्या धंद्यात कामाला होती. माणसं घर बदलतात, तेव्हा त्यांचं अख्खं घर ट्रकात भरून दुसरीकडे न्यायचं, हे त्यांचं काम. धंदा मूळचा मालकांच्या वडिलांचा. वडील गेले तेव्हा मालकांकडे ट्रक आला, दोरखंड आले, गोणपाटं आली, वडिलांचा भारदस्त आवाजही आला. वडिलांची नजर तेवढी यायची राहिली. कुठली वस्तू कुठल्या दारातून जाईल आणि कुठली नाही, हे त्यांना कधी म्हणजे कधीच कळलं नाही. आणि आपल्याला कळत नाही, हेही कळलं नाही.

पांढराशुभ्र शर्ट, बाह्या दुमडलेल्या, छाती पुढे. दारात उभं राहायचं, एक डोळा बारीक करायचा आणि निकाल द्यायचा, "जाईल!"

पलंग असो, झोपाळा असो, काचेचं कपाट असो. जाईल. एकदा तर एका गिऱ्हाइकानं विचारलं, "माशांची पेटी आहे हो, पाण्यानं भरलेली. मासे काढून ठेवू का?"

"कशाला त्रास देता त्यांना? आहे तशी जाईल!"

मालकांच्या मागून आवाज आला, "जाईल. पण पाणी बादलीत, मासे बरणीत आणि पेटी रिकामी."

तो आवाज मावशीचा. मालकांचं ती कधी खोडून काढत नसे. आधी त्यांचं "जाईल" मान्य करायचं, मग "पण" म्हणायचं, आणि मग खरं काम सांगायचं. जाईल, पण दार बिजागरीतून काढून. जाईल, पण पाय सोडवून. जाईल, पण जिन्यानं नाही, खिडकीतून, दोर लावून. म्हणून हमालांनी दोघांना नावं ठेवली होती: जाईलमालक आणि पणबाई. हमाल दोनच होते. एक पैलवान, जो ओझ्याखाली असतानाही अखंड बडबडायचा, आणि एक मुका, ज्याला बोलता यायचं, पण पैलवानापुढे संधी मिळायची नाही.

या कामाला मावशी लागली त्याचीही गोष्ट कपाटाचीच आहे. काका गेले आणि मावशीला मोठं घर सोडावं लागलं. पदरात लहान मुलगी, सोबत आजीचं कपाट. काळं शिसवी कपाट, आरशाचं दार, डोक्यावर नक्षीची उभी पट्टी. नवं घर दुसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद, मध्ये वळण. तेव्हा मावशी गिऱ्हाईक होती. मालक तेव्हा तरणेबांड, नुकतेच गादीवर बसलेले. जिन्याखाली उभं राहून त्यांनी एक डोळा बारीक केला.

"जाईल!"

कपाट वळणावर जाऊन जे अडकलं, ते वरही जाईना आणि खालीही येईना. मालक खालून ओरडत होते, "दाबा! दाबा रे! माझ्या डोळ्यांत माप आहे!" कपाटाच्या वरच्या बाजूला मावशी मुलीला कडेवर घेऊन उभी होती. तिनं मुलीला पायरीवर बसवलं, भिंतीला आणि कपाटाला वीत लावली, मग चार बोटं लावली, आणि म्हणाली, "अहो मालक, जाईल. पण तो हलणारा कठडा काढा आणि कपाट जरा तिरकं धरा."

कठडा काढला, कपाट गेलं. मालक कपाळाचा घाम पुसत वर आले. आता हे ओशाळतील, असं मावशीला वाटलं. छे! ते म्हणाले, "बघा, म्हटलं नव्हतं जाईल म्हणून?" दार ओलांडून गेले, परत आले, आणि विचारलं, "तुम्हाला काम हवंय का हो?"

हवंच होतं.

तेव्हापासून मावशीची नजर बदलली ती कायमचीच. कुणाच्या घरी गेली की माणसांआधी दारं बघायची. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, सगळीकडे आधी दार, मग जिना, मग यजमान. मी माझ्या मित्राला तिच्याकडे भेटायला नेलं, तर तिनं त्याचे खांदे बघितले आणि म्हणाली, "चांगला आहे. जाईल." तो बिचारा घाबरून मला विचारतो, "कुठं जाईल?"

मालकांचे पराक्रम ती आम्हाला जेवताना सांगायची, तेही असे, की जणू घरच्या द्वाड पोराचे सांगते आहे. मालकांनी एकदा अख्खा सोफा शेजारच्या इमारतीत नेऊन चौथ्या मजल्यावर ठेवला. तिथल्या आजींनी त्यांना पाणी दिलं, सोफ्यावर बसल्या, आणि मुलानं पाठवला असेल म्हणून रडायलाच लागल्या. तो परत मागायला मावशी गेली. एकदा त्यांनी स्वतःचा चष्मा खोक्यात भरला, खोकं खिळे ठोकून बंद केलं, आणि दिवसभर सगळ्यांना विचारत फिरले, "आज इतकं धुकं कसं पडलंय?"

"मग तू सोडत का नाहीस त्यांना?" आम्ही विचारायचो. मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताई, तर चिडायचीच. "आई, अगं बिनडोक आहे तो माणूस!"

"डोकं नाही, हे खरं," मावशी म्हणायची. "पण तोंड आहे."

त्याचा अर्थ मला एकदा तिच्याबरोबर कामावर गेले तेव्हा कळला. एका निवृत्त मास्तरांचं घर रिकामं करायचं होतं. सगळं सामान ट्रकात चढलं आणि मास्तर काही घराबाहेर येईनात. रिकाम्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे. मावशी आत गेली, म्हणाली, "मास्तर, चला. पण ऊन वाढायच्या आत निघायला हवं." मास्तर जागचे हलले नाहीत. मावशी बाहेर आली, मालकांकडे बघितलं, आणि बाजूला झाली. मालक आत गेले. मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी आपल्या त्या नगाऱ्यासारख्या आवाजात सांगितलं, "जाईल हो मास्तर. सगळं जाईल. काही म्हणजे काही मागं राहणार नाही."

ही शुद्ध थाप होती. अर्धी पुस्तकं रद्दीत गेली होती. पण मास्तरांनी डोळे पुसले आणि चपला घातल्या.

"मला नाही जमत ते," मावशी ट्रकात पुढे बसताना म्हणाली. "मी तोंड उघडलं की पणच निघतो."

मग मावशीचा गुडघा गेला. जिने चढून चढून, ओझ्याच्या मागेपुढे धावून. डॉक्टरांनी जिना बंद सांगितला. ताईनं दुसऱ्या गावात तळमजल्यावरचं घर घेतलं, पुढं छोटं अंगण, आईसाठी उजेडाची खोली. "आता बास. इकडे ये. कपाट घेऊन ये," ताईनं फोनवर सांगितलं. कपाटाची अट मावशीचीच होती. आजीच्या त्या कपाटाशिवाय ती कुठं जाणार नव्हती.

मालकांना तिनं सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ दोरखंडाची एक गाठ सोडवत बसले. ती गाठ नव्हतीच. तो दोर नुसता गुंडाळलेला होता.

"जाल म्हणता," ते म्हणाले.

"जाईन. पण आधी तुम्हाला शिकवते."

तिनं त्यांना मापाची टेप आणून दिली. डोळ्यांतलं माप आता पेन्शनीत, म्हणाली. मालकांनी टेप कमरेला पिस्तुलासारखी अडकवली. पहिले काही दिवस त्यांनी हाती लागेल ते मापलं. चहाची टपरी मापली. पैलवानाचं पोट मापलं. एका गिऱ्हाइकाचं कुत्रं मापलं आणि वर सांगितलं, "दारातून जातंय."

"ते रोजच जातं हो," गिऱ्हाईक म्हणालं.

मावशी त्यांना हसायची, पण मनातून खुशीत होती. आणि नेमकी ती गुडघ्यामुळे घरी बसलेली असताना एक दिवस घात झाला. मालकांनी एक फ्रीज मापला, दार मापलं, दोन्ही अगदी बरोबर मापली, आणि फ्रीजची बाहेर आलेली मूठ मापायची विसरले. फ्रीज दारात अडकला. ओढताना चौकट निखळली, फ्रीजलाही पोचा आला. आजवर असं शंभरदा झालं होतं, पण तेव्हा चूक डोळ्यांची होती, आणि आपल्या डोळ्यांवर मालकांचा इतका जीव, की ते त्यांना लगेच माफ करत. या वेळी ते मापूनही चुकले होते. माणूस आतून मोडला.

त्यानंतर त्यांच्या तोंडी नवाच शब्द आला. मावशी परत कामावर आली त्या दिवशीचं मी स्वतः ऐकलंय, कारण तिची पिशवी धरायला मी बरोबर होते. एका बाईंचं घर हलवायचं होतं. मालक दारात उभे. टेप हातात. समोर एक स्टूल.

"नाही जाणार," मालक म्हणाले.

"काय नाही जाणार?" बाई.

"हे स्टूल."

"अहो, माझा नातू हे उचलून खेळतो!"

"असेल. पण नाही जाणार. म्हणजे... सांगता येत नाही."

पैलवान आणि मुका एकमेकांकडे बघत राहिले. मग मुक्यानं स्टूल काखेत मारलं आणि बाहेर नेऊन ठेवलं. पण त्या दिवशी ओझं उचलताना दोघांचेही हात कसे ढिले पडत होते, ते मला दिसत होतं. मालकांचं "जाईल" खोटं का असेना, त्या आरोळीवर त्यांच्या दंडात बळ यायचं. "बाई," पैलवान मावशीच्या कानाशी म्हणाला, "मालकांना काय करून ठेवलंत तुम्ही? आता तर गोणपाटसुद्धा जड लागतंय."

गिऱ्हाइकंही कुरकुरायला लागली. आधीच घर सोडताना माणूस हळवा झालेला असतो. त्यात सामान न्यायला आलेलाच म्हणतोय, नाही जाणार! मावशीची झोप उडाली. मी गेले आणि हा माणूस असाच राहिला, तर धंदा बुडेल, पैलवान आणि मुका उघड्यावर पडतील. ताई फोनवर ओरडायची, "आई, तो तुझा मुलगा आहे का?" आणि मावशी म्हणायची, "नाही गं. पण." पुढं काही बोलायचीच नाही.

तिच्या निघण्याचा दिवस आला. ट्रक अर्थातच मालकांचा. मालक सकाळीच हजर, शर्ट कडक इस्त्रीचा, टेप कमरेला, चेहरा उतरलेला. खोकी गेली, गादी गेली, भांडी गेली. शेवटी कपाट. मावशीनं कपाटाची एकच सूचना दिली, "सरळ न्या. आत आलंय तेव्हा बाहेर जाईलच."

साऱ्या गावाचे जिने मापणाऱ्या बाईनं स्वतःचा जिना मापला नव्हता. ज्या दिवशी कपाट आलं, त्या दिवशी काढलेला तो हलणारा लाकडी कठडा घरमालकांनी पुन्हा बसवलाच नव्हता. त्याच्या जागी त्यांनी लोखंडी कठडा आणला आणि सिमेंटमध्ये पक्का गाडला. त्या कठड्याला धरून मावशी वर्षानुवर्षं रोज चढत-उतरत होती.

कपाट वळणावर आलं आणि अडकलं. पैलवान वरून धरून, मुका खालून. कपाटाच्या वर, पायऱ्यांवर मावशी. तिला खाली यायला वाट नाही. खाली मालक आणि मी. मध्ये काळं शिसवी कपाट, आणि त्याच्या आरशात मालकांचा चेहरा.

"तिरकं करा!" वरून मावशी.

"केलं बाई! लोखंड लागतंय!" पैलवान.

"उजवीकडे झुकवा."

"भिंत लागतेय!"

 मग वरून मावशीची बांगडी भिंतीला लागल्याचा आवाज आला. ती वीत लावत असणार. पुन्हा लागल्याचा आवाज. मग तिचा आवाज आला, आणि तो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता इतका बारीक होता.

"मला वरून नुसता कोपरा दिसतोय. मालक, खालचं तुम्हीच बघा. टेप लावा."

मालकांनी टेप काढली.  कठड्यापासून भिंतीपर्यंत मापलं. कपाट मापलं. पुन्हा कठड्यापासून भिंतीपर्यंत.

"मालक," वरून मावशी बोलायला लागली, घाईघाईनं, "नसेल जात तर नाही म्हणून सांगा. मला काही वाटणार नाही. कपाट वर घेऊ. खोकी परत आणू. कपाट सोडून मी काही जायची नाही, ताईला माहितीये. माझाही पाय इथून निघत नाहीये खरं तर. तुमचंही बरं होईल. मी बसून काम करीन, खुर्ची टाकून. नुसतं तोंडानं सांगेन."

मालक टेप तशीच हातात धरून पायरीवर बसले. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. फक्त दोन शब्द म्हणायचे होते, आणि हल्ली तर ते त्यांच्या जिभेवरच असायचे. नाही जाणार. बस. कुणी त्यांना दोषही दिला नसता. पणबाई परत, धंदा परत, सगळं होतं तसं.   मालकांनी आरशात स्वतःकडे बघितलं, आणि मला वाटतं, स्वतःची लाज वाटून त्यांनी नजर वर उचलली, ती कपाटाच्या डोक्यावरच्या नक्षीच्या पट्टीवर जाऊन थांबली.

"काय ते बोला हो मालक!" पैलवान वरून कण्हत ओरडला. "हात भरून आलेत!"

मालक उठले. पट्टीला बोट लावून चाचपलं. आजवर सगळ्यांना ती पट्टी कपाटाचाच भाग वाटत आली होती. ती वेगळी होती. मागून चार स्क्रूंनी बसवलेली. मालकांनी पट्टीखालचं कपाट मापलं. मग परत मापलं. डोळे बारीक न करता, उघडे ठेवून.

"जाईल," ते म्हणाले.

आवाज नगाऱ्यासारखा नव्हता. साधा होता.  वरून मावशीनं विचारलं, "डोळ्यांनी सांगताय की टेपनं?"

"टेपनं. दोनदा."

"मूठ धरली का?"

"धरली. आरशाच्या दाराची मूठ धरली, बिजागरी धरली. वरची पट्टी काढायला लागेल, ती स्क्रूची आहे. मग दोन बोटं जागा उरते."

"तुमची बोटं की माझी?"

"तुमची बारीक आहेत, तीच धरली. उगाच फसायला नको."

वर कुणीतरी नाक ओढलं. ती मावशी होती की पैलवान, ते मला कळलं नाही. मुक्यानं खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला आणि त्या दिवसातलं आपलं एकमेव वाक्य बोलला, "म्हणा की मालक, मोठ्यानं."

मालकांनी छाती पुढे काढली.

"जाईऽऽल!"

त्या आरोळीनं जिन्यातली दारं उघडली. वरच्या मजल्यावरचे, खालच्या मजल्यावरचे, सगळे शेजारी बाहेर आले. पट्टी निघाली, कपाट तिरकं झालं, लोखंडाला आणि भिंतीला एका श्वासाचं अंतर ठेवून वळणावरून उतरलं, आणि ट्रकात जाऊन उभं राहिलं. पैलवान आरशात बघून केस नीट करत होता.

जिना मोकळा झाला. वर मावशी एकटी, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात कठडा. उतरताना तिचा गुडघा नेहमीच रुसायचा, आज जास्तच. पहिल्याच पायरीवर थांबली.

मी वर जायला निघाले, तर मालकांनी हातानं मला मागे सारलं. जिन्याच्या तळाशी जाऊन उभे राहिले, जसे कुठल्याही मौल्यवान सामानासमोर उभे राहायचे तसे, दोन्ही हात पुढे करून.

"हां, येऊ द्या. सावकाश. आधी दुखरा पाय खाली. सरळ नको बाई, जरा तिरकं."

"मी काय कपाट आहे?" मावशी खेकसली.

"कपाट कुरकुरत नाही एवढं. तिरकं म्हणतोय ना? भिंतीकडे पाठ करा. हां."

आयुष्यभर मावशीनं मालकांचं एकही सांगणं जसंच्या तसं ऐकलं नव्हतं. प्रत्येकाला एक पण जोडला होता. ती त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं भिंतीकडे पाठ केली, कठडा धरला, आणि तिरकं होऊन एक पाऊल खाली टाकलं.

दुखलं नाही बहुतेक. कारण तिनं लगेच दुसरं टाकलं.